एनबीएने परदेशात संघ काढावेत का?

बोर्डावरचा चौकोन

मार्च 2025 मध्ये अमेरिकेची बास्केटबॉल लीग एनबीए आणि या खेळाची जागतिक संघटना फिबा यांनी मिळून युरोपात नवी लीग काढण्याचा विचार जाहीर केला. साधारण 16 संघ, त्यातले 12 कायमचे आणि उरलेल्या 4 जागा दर मोसमात पात्रता मिळवून भरायच्या, असा आराखडा आहे. तेव्हापासून रविवारी प्रॅक्टिस संपली की आमच्या मुलांचा एकच विषय. "सर, मग मुंबईची टीम कधी?"

त्यांना काय सांगावं हे ठरत नाही, म्हणून धागा काढतोय.

4 ऑक्टोबर 2019. वरळीचा एनएससीआय डोम. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, भारतातला एनबीए संघांचा पहिलाच सामना. स्टँडमध्ये तीनेक हजार शाळकरी मुलं होती, त्यात आमच्या शाळेची अकरा. मी त्यांना घेऊन गेलो होतो. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, पेसर्सनी 132-131 असा एका पॉइंटने काढला. पोरांचे घसे बसले. पण मला आठवतो तो त्यातला सातवीतला एक मुलगा. वॉर्मअप चालू असताना तो खेळाडूंकडे बघतच नव्हता, नजर खाली कोर्टावर. शेवटी म्हणाला, "सर, हे एवढ्या जोरात येऊन थांबतात, मग घसरत कसे नाहीत?"

आमचं कोर्ट सिमेंटचं होतं. पावसात शेवाळ धरायचं, थंडीत वर बारीक रेती यायची. पळत येऊन एकदम थांबलं की गुडघा फुटलाच. म्हणून मुलं लेअपला, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून चेंडू टाकायला, जाताना शेवटचं पाऊल आपोआप आखडतं घेतात, आणि ती सवय मोडायला आमची वर्षं जातात. त्या दिवशी लाकडी फळ्यांवर बुटांचा चुईं चुईं आवाज ऐकला तेव्हा त्या पोराला पहिल्यांदा कळलं की चूक त्याच्या पायांची नव्हती.

दुसऱ्या दिवशीचा सामना पेसर्सनी 130-106 असा आरामात घेतला. मग ते कोर्ट उचललं गेलं, रिंगा उतरवल्या गेल्या, संघ परत गेले. आमच्या शाळेच्या कोर्टावर चार वर्षांनी व्यवस्थापनाने बस उभ्या करायला सुरुवात केली. आता आम्ही पालिकेच्या मैदानात, जाळी नसलेल्या एका रिंगवर खेळतो.

माझं मत असं. लीगने परदेशात जरूर जावं. पण दोन दिवस तंबू ठोकून उठून जायला नको, आणि तिकडचा संघ उचलून इकडे आणून बसवायलाही नको. जिथे जाल तिथले क्लब, तिथलं फेडरेशन धरून तिथलीच लीग उभी करा. आफ्रिकेत तसं झालंय. बास्केटबॉल आफ्रिका लीग 2021 मध्ये किगालीत सुरू झाली, 12 संघांची. पहिला विजेता कैरोचा झमालेक, म्हणजे तिथला जुना, घराघरात माहीत असलेला क्लब. कुणाला नवं नाव पाठ करावं लागलं नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विरोधी मत असेल तर जास्तच लिहा.

पहाटपाखरू

माझं मत विरोधी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पंधरा वर्षं मी एनबीए मुंबईतून बघतोय. हिवाळ्यात न्यूयॉर्कचा संध्याकाळी साडेसातचा सामना म्हणजे आपले सकाळचे सहा. घरचे झोपलेले, म्हणून आवाज बंद. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, गॅसवर चहा. दुसरा क्वार्टर संपेपर्यंत डबा भरायचा, तिसरा लोकलमध्ये. ही लीग मला आवडते ती तिथल्या गावांची आहे म्हणून. ती सगळीकडची झाली की कुणाचीच राहणार नाही, अशी मला खरंच भीती वाटते.

सिएटलचं उदाहरण घ्या. सुपरसॉनिक्स तिथे 41 वर्षं होते, 2008 मध्ये उचलून ओक्लाहोमा सिटीला नेले. त्या गावातले लोक अजून ती हिरवी-पिवळी जर्सी घालतात. नवीन संघ काढायचाच असेल तर आधी त्यांचं देणं द्या. व्हँकुव्हरला 1995 मध्ये संघ दिला आणि 2001 मध्ये मेम्फिसला नेला. तिथे सहा वर्षांचा असताना जर्सी घेतलेलं पोर बारा वर्षांचं होईपर्यंत संघच नाही!

आणि 82 सामन्यांच्या मोसमात लंडनला संघ ठेवायचा म्हणजे काय? लॉस एंजेलिसहून दहा-अकरा तासांचं विमान आणि घड्याळात आठ तासांचा फरक. फक्त सीमेपलीकडे असलेल्या टोरंटोची काय गत झाली बघा. कोविडमध्ये सीमा बंद झाली आणि रॅप्टर्सना 2020-21 चा अख्खा मोसम फ्लोरिडातल्या टँपाला जाऊन 'घरचे' सामने खेळावे लागले. 2019 चे विजेते होते ते.

हिशेबनीस

पहाटपाखरू, प्रवासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो मुद्दा परदेशात संघ काढण्याच्या विरोधात जातो, परदेशात लीग काढण्याच्या नाही. लंडनचा संघ माद्रिदशी, बर्लिनशी खेळला तर प्रवास दोन-तीन तासांचा. युरोपच्या आराखड्यात एनबीएचे आत्ताचे 30 संघ जागेवरच राहतात.

लीगला बाहेर का जायचंय तेही समजून घेऊ. 2025-26 पासून सुरू झालेला प्रक्षेपणाचा करार 11 वर्षांचा आणि सुमारे 76 अब्ज डॉलरचा आहे. घरच्या बाजारातून यापेक्षा फार जास्त निघेल असं मला वाटत नाही. दुसरीकडे खेळाडू बघा. सर्वोत्तम खेळाडूचा मान शेवटचा अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूला मिळाला तो 2018 मध्ये, जेम्स हार्डनला. त्यानंतर अँटेटोकुन्म्पो, योकिच, एम्बीड, गिल्जस-अलेक्झांडर. ग्रीस, सर्बिया, कॅमेरून, कॅनडा. पीक जिथून येतंय त्या शेतात लीगने कधीतरी पाणी घालायला नको का? डॉन्चिच तेराव्या वर्षी रेआल माद्रिदकडे गेला, सोळाव्या वर्षी त्यांच्या मोठ्या संघातून खेळला. त्याला घडवलं त्या क्लबने.

मात्र चौकोन सर, एका बाबतीत मी तुमच्याशी असहमत आहे. तुमच्या शाळेचं कोर्ट गेलं याचं मलाही वाईट वाटतं. पण कोर्ट राखणं हे शाळेचं, पालिकेचं आणि आपलं काम. न्यूयॉर्कच्या कंपनीकडून त्याची अपेक्षा का करायची?

माटुंगा रोड

आयपीएलचा अनुभव आपल्याच घरातला आहे, तो इथे लागू होतो.

2009 ला लोकसभा निवडणुकीमुळे आख्खी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली. सामने चांगले झाले, तिथे गर्दीही झाली. स्पर्धा परत आली आणि तिथे आयपीएलचं काही उरलं नाही. पुढे 2023 मध्ये तिथल्या बोर्डाने स्वतःची लीग काढली, आपल्या मालकांनी तिथले संघ घेतले, तेव्हा कुठे दरवर्षी भरणारं काहीतरी उभं राहिलं. एमआय केपटाउनमध्ये तिथली मुलं खेळतात. म्हणजे धागाकर्त्याचं म्हणणं क्रिकेटमध्ये सिद्धच झालंय.

पण त्याची दुसरी बाजूही सांगतो. मी लहानपणापासून वानखेडेच्या नॉर्थ स्टँडचा. मुंबई हरली की जेवण जात नाही. एमआय न्यूयॉर्क 2023 मध्ये अमेरिकेतली पहिली मेजर लीग क्रिकेट स्पर्धा जिंकली, तरी मला काही वाटलं नाही. तीच निळी जर्सी, तेच मालक. नाव नेता येतं, पण जीव त्या गावातल्या माणसांनीच लावावा लागतो. मुंबईत उद्या एनबीएचा संघ आला तर इथली पोरं त्याच्यासाठी रडतील का? त्यात इथली पोरं खेळत असतील तरच.

खंडाखंडांत पसरलेल्या लीगचंही उदाहरण आहे, सुपर रग्बी. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आणि 2016 पासून अर्जेंटिना व जपानही. अर्जेंटिनाचे हॅगुआरेस 2019 ला अंतिम सामन्यापर्यंत गेले. 2020 ला कोविड आला आणि ती मोट सुटली ती सुटलीच. आता ते आपापल्या भागात खेळतात.

जुना पिव्होट

वय 71. नागपाड्यात वाढलो, आता मिरा रोडला असतो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

सगळे लिहिताय की बास्केटबॉल आता परदेशात जाणार. अहो, हा खेळ जन्मल्यापासून परदेशातच जातोय. 1891 मध्ये नेस्मिथ यांनी अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत तो सुरू केला आणि वायएमसीएची माणसं तो जगभर घेऊन गेली. आपल्याकडेही तशीच आणली. मद्रासला हॅरी बक नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1920 मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. तिथून शिकलेले मास्तर देशभर शाळांत गेले.

आमच्या नागपाड्याचं सांगतो. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी इथे आले आणि नेबरहुड हाउस काढलं. 1936 मध्ये आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात त्याच इमारतीत झाली. त्याला लागून असलेल्या मैदानात आम्ही खेळलो. आज पालिकेच्या त्या मैदानाला बच्चू खान यांचं नाव आहे. आमच्याकडे कोच म्हणजे बच्चू खान, बाकी सगळे नंतर. गिरणी कामगारांची, गॅरेजवाल्यांची, खाटकांची मुलं. अनवाणी खेळायचो, उन्हाळ्यात चारनंतर, कारण त्याआधी जमीन पाय भाजायची. अब्बास मुन्तसिर इथलेच. भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचा ड्रिबल बघायला माणसं गॅलरीत खुर्च्या टाकून बसायची. चेंडू सिमेंटवर आपटला की शेजारच्या चाळीच्या भिंतीवरून आवाज परत यायचा, आणि आम्हाला पाठ फिरवूनही कळायचं की कोर्टावर कोण आहे. त्यांचा आवाज वेगळाच होता, बारीक आणि भराभर.

आता हिशेबनीसांना विचारतो. तेव्हा आलेल्यांनीही स्वतःचा हेतू ठेवूनच आले, तो धर्माचा होता. पण ते राहिले. मैदान मागे राहिलं, शिकवणारी माणसं तयार झाली. शंभर वर्षं होत आली, संध्याकाळी तिथे अजून पोरं खेळतात. आणि 2019 ला आलेले दोन दिवसांत गेले. माझा राग नाही, मी स्वतः टीव्हीवर बघितला तो सामना आणि डोळ्यांत पाणी आलं. पण कोण आला, कशासाठी आला यापेक्षा किती दिवस राहिला हे मी बघतो.

आईची शिट्टी

पिव्होट काका, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

मी डोंबिवलीची. मुलगी चौदा वर्षांची, गार्ड खेळते. आठवड्यातून चार दिवस शाळा सुटल्यावर दादरला प्रॅक्टिस. जाताना लोकलमध्ये उभी, येताना रात्री साडेनऊच्या गाडीत माझ्या खांद्यावर झोपलेली, चेंडू मांडीत. गेल्या वर्षी विभागीय खेळली. एनबीए युरोपात जावी की नाही यावर माझं मत नाही. मला एवढंच विचारायचंय की तिच्या वाटेच्या शेवटी काय आहे?

आज जे आहे ते असं. दहावीला सवलतीचे गुण. पुढे खेळत राहिली तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, नाहीतर रेल्वे. रेल्वेच्या मुली फार छान खेळतात आणि रेल्वेचे उपकार मी मानते. पण तिकडे भरती झाली की खेळ नोकरीसाठी, असंच घरोघरी धरलं जातं. खेळ हीच नोकरी, असं तिला कधी म्हणता येईल का?

आणि चौकोन दादा, तुम्ही आफ्रिकेच्या लीगचं कौतुक केलंत, पण ती पुरुषांची आहे. युरोपचा आराखडाही पुरुषांचाच. डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे एनबीएच्या महिला लीगचा, अमेरिकेबाहेरचा पहिला संघ टोरंटोचा, तोसुद्धा 2026 च्या मोसमापासून. मुंबईत काही उभं राहिलं तर मुलींचं पहिल्या दिवसापासून हवं, नंतर बघू असं नको. नंतर म्हणता म्हणता तिचं वय निघून जाईल.

पांढरी रेघ

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतो.

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015 मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला पहिला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. 2017 ला दिल्लीजवळ एनबीएची अकादमी निघाली. तिथून गेलेला प्रिन्सपाल सिंग 2021 ची एनबीएची समर लीग (नव्या खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा) जिंकणाऱ्या किंग्जच्या संघात होता. उंच मुलगा शोधायचा, तिकडे पाठवायचा, पुढे त्याचं त्याने बघायचं. या रीतीने एखादं नाव होतं. पण तुमच्या मुलीला किंवा चौकोन सरांच्या मुलांना वर्षाला तीस-चाळीस चुरशीचे सामने हवेत, आणि ते इथे मिळत नाहीत. आंतरशालेय, डीएसओची (जिल्हा क्रीडा कार्यालयाची), एखादी निमंत्रितांची स्पर्धा, संपलं. हरलात तर पहिल्या सामन्यानंतर पुढच्या वर्षीपर्यंत घरी.

आपल्या फेडरेशनच्या लीगमध्येही 2025 ला मुंबई टायटन्स नावाचा संघ होता. सामने दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये. सुरुवातीला खर्च वाचवायला एकाच गावात सामने घ्यावे लागतात हे समजतं. पण मुंबईच्या संघाला मुंबईच्या मुलांनी डोळ्यांसमोर बघायला हवं. प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाली तेव्हा यू मुंबाचे घरचे सामने याच वरळीच्या डोममध्ये व्हायचे. लोक लालबाग-परळहून बसने यायचे. म्हणून तो संघ आपला झाला.

पहाटपाखरू

पिव्होट काकांचं वाचून माझं मत थोडं हललंय, प्रामाणिकपणे सांगतो. पूर्ण नाही.

एक भीती अजून आहे. ज्या 4 ऑक्टोबर 2019 ला वरळीत सामना झाला, त्याच दिवशी ह्यूस्टनचे तेव्हाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने एक ट्वीट केलं. चीनच्या सरकारी वाहिनीने सामने दाखवणं थांबवलं, ते जवळपास वर्षभर. तिथे एनबीए संघांचे सामने परत व्हायला 2025 उजाडलं, तेही मकावमध्ये. बाहेरच्या बाजारावर लीग अवलंबून राहिली की कुणी काय बोलायचं हेही तो बाजार ठरवू लागतो. युरोपात नवी लीग झाली आणि पैसा दुसऱ्याच देशांतून आला, तर तिथे हेच होणार नाही का?

हिशेबनीस

होऊ शकतं. म्हणूनच त्या लीगमध्ये फिबा बरोबरीने असणं मला महत्त्वाचं वाटतं. 4 जागा पात्रतेच्या ठेवणंही तितकंच महत्त्वाचं. एखाद्या छोट्या गावाचा क्लब खेळून वर येऊ शकतो, तोपर्यंत लीग पूर्णपणे पैसेवाल्याची होत नाही. अमेरिकेत हा दरवाजा नाहीच.

पिव्होट काका, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. व्यवसायाने मैदान बांधावं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण जो व्यवसाय राहायला येतो त्याला मैदान लागतंच, त्याला पुढची वीस वर्षं बघणारा प्रेक्षक लागतो, आणि तो खेळणाऱ्या मुलांतूनच तयार होतो. तुमचं 'किती दिवस राहिला' हे माप हिशेबातही बसतं. मात्र इथे हजारोंनी तिकिटं खपतील असं बंदिस्त स्टेडियम नाही. एनबीएच्या घरच्या स्टेडियममध्ये अठरा-एकोणीस हजार माणसं बसतात. वरळीचा डोम त्याच्यापुढे फारच लहान. तेव्हा मुंबईचा एनबीए संघ हे मुलांना सांगू नका. ते होणार नाही.

बोर्डावरचा चौकोन

सगळ्यांचे मनापासून आभार.

हिशेबनीस, ते मी आता त्यांना सांगितलं. वाईट वाटलं त्यांना. मग विचारलं, एनबीए नको, दर शनिवारी मुंबईतल्या मुंबईत दहा टीमची लीग असेल तर? नागपाडा, माटुंगा, अंधेरी, ठाणे, डोंबिवली. परत जाताना त्यावरच भांडत होते, कुणाची टीम आधी हरेल म्हणून.

वरळीला 'घसरत कसे नाहीत' विचारणारा मुलगा आता कॉलेजात आहे. रविवारी येऊन लहानांना शिकवतो. पाऊल आखडलं की ओरडतो, आणि आधी स्वतः झाडू घेऊन रिंगखालची रेती काढतो.

आईची शिट्टी ताई, मुलींबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, कारण आमच्याकडे सव्वीस मुलगे आणि चारच मुली आहेत. या रविवारपासून साडेसात ते नऊ कोर्ट फक्त मुलींना. डोंबिवलीहून येणं लांब पडेल, तरी एकदा घेऊन या. काका, तुम्हाला जमेल का? पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणं, कसा करायचा हे आमच्यात कुणालाच धड शिकवता येत नाही.

जुना पिव्होट

येतो. मिरा रोडहून स्लो पकडली तरी सातला पोचेन. पायात काय घालून खेळतात मुली? स्पोर्ट्स शूज नसले तरी चालेल, पण चपला नकोत.

आईची शिट्टी

आम्ही दोघी येतोय. तिच्याबरोबर शाळेतल्या अजून तीन जणी.